मिरगी नव्हे, गश

आमच्या घरात दोन भाषा नांदतात, त्यामुळे बेशुद्ध पडणाऱ्या माणसासाठी शब्दांची कमतरता नाही. शाळेत मुलांपुढे आम्ही 'भोवळ' म्हणतो, शेजारच्या काकू 'घेरी आली' म्हणतात, वर्तमानपत्र 'मूर्च्छा' छापते, आणि आमच्या अम्मा पानाचा डबा बाजूला सारून म्हणतात, "गश आया." हा गश मूळचा अरबी. युनानी हकिमांच्या पुस्तकांत तो 'गशी' या नावाने भेटतो. इब्न सीनाने 'अल-कानून'मध्ये त्याचा विचार हृदयाच्या विकारांसोबत केला आहे. मिरगी वेगळी. तिला अरबीत 'सरअ' म्हणतात आणि तिची जागा मेंदूच्या विकारांत आहे. इब्न सीना जाऊन हजार वर्षे होत आली. त्याने दोन खणांत ठेवलेल्या या दोन गोष्टी आमच्या सोलापुरातल्या मोहल्ल्यात मात्र एकाच खणात कोंबल्या जातात. माणूस पडला, हातपाय झटकले, की मिरगी. बाई असली तर त्याच्या जोडीला 'हाजरी'.

या एका खणापायी आमच्या थोरलीची तीन वर्षे गेली. ती आता सांगू देते, म्हणून लिहितो आहोत.

आम्ही दोघे नवरा-बायको पेशाने शिक्षक. पंधरा ऑगस्ट 2016 ची गोष्ट. थोरली आठवीत होती. झेंडावंदन झाले, पाहुण्यांचे भाषण लांबले, पाऊस दडी मारून बसलेला आणि ऊन चढलेले. मुली रांगेत सावधान उभ्या होत्या. ती पडली. बाईंनी सावलीत आडवी केली, मिनिटभरात उठून बसली. भाषण संपेपर्यंत आणखी दोन मुली पडल्या होत्या, त्यामुळे कुणी फार मनावर घेतले नाही. सोलापूरकरांना उन्हाचे काय कौतुक! दुसऱ्यांदा पडली ती दवाखान्यात, रक्त तपासायला सुई टोचली तेव्हा. तिथे कंपाउंडर हसला, आम्हीही हसलो.

तिसरी वेळ 2018 च्या रमजानमधली. त्या वर्षी रमजान मेच्या मध्याला सुरू झाला, म्हणजे सोलापूरचा ऐन वैशाख. रोजा चौदा तासांहून मोठा. इफ्तारच्या आधी ती चुलीपुढे उभी राहून भजी तळत होती. खिडकी एकच, आणि स्वयंपाकघरात पाच बायका. ती म्हणाली, "अम्मी, दिसेनासं झालंय." आणि खाली जाऊ लागली. तिला पडू द्यायचे नाही म्हणून दोघींनी दोन्ही बगलांत हात घालून उभी धरली. मायेनेच धरली. पण उभी धरली. तिचे डोळे उघडेच होते, वर फिरले, हात दोन-चार वेळा झटकले, मान वाकडी झाली. मग एकच कल्ला. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल आणली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. आमची फुफी दारातूनच ओरडली, "मिरगी है ये! या फिर हाजरी है!" थोरली शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिल्यांदा डोक्यावरची ओढणी चाचपली आणि विचारले, "मेरी ओढनी गिरी थी क्या?"

हा प्रश्न आमच्या काळजात घर करून राहिला. बुखारी शरीफमध्ये इब्न अब्बास यांच्याकडून आलेली एक रिवायत आहे. एक काळी बाई रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे आली. तिला मिरगीचे झटके येत आणि त्यात तिचे अंग उघडे पडे. सब्र केलास तर जन्नत, नाहीतर बरे होण्यासाठी दुआ, असे दोन मार्ग तिच्यापुढे ठेवले गेले. तिने सब्र घेतला, पण एक मागणी केली, की अंग उघडे पडू नये एवढी दुआ करा. चौदा शतकांनंतर सोलापुरातल्या एका पोरीचीही पहिली चिंता तीच होती. आणि इब्न अब्बास त्या बाईची ओळख काय म्हणून करून देत? जन्नतची बाई म्हणून. आपल्या मोहल्ल्यात अशा बाईची ओळख कशी करून दिली जाते, हे आम्ही लिहायला नको.

फुफीने एका दर्ग्यावर जुमेरातीला हाजरीसाठी न्यायचा आग्रह धरला. फातिहाला आम्ही कुठल्याही दर्ग्यावर जातो, पण केस मोकळे सोडून घुमणाऱ्या बायकांच्या रांगेत पंधरा वर्षांची पोर बसवायला आम्ही नकार दिला. फुफी सहा महिने बोलली नाही. आम्ही तिला शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, "झटके आले का?" आम्ही म्हटले, "आले." "डोळे फिरले का?" "फिरले." मेंदूचा आलेख काढला. त्यात किरकोळ काहीतरी फरक निघाला. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून दोनदा, किमान तीन वर्षे. सगळी भेट सात-आठ मिनिटांत आटोपली. बाहेर साठ माणसे बसलेली होती, हेही खरे.

गोळ्यांनी ती सुस्तावली, वजन वाढले, केस गळू लागले. आणि गोळ्या नियमाने घेत असतानाही ती दोनदा पडली. एकदा लग्नाच्या हॉलमध्ये गर्दीत उभी असताना, एकदा तापातून उठल्यावर न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत. आमच्या कानावर आले ते एवढेच, की डोस वाढवा.

बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचे होते. प्रवेशाला प्रकृती ठीक असल्याचा दाखला लागतो, आणि फिटची गोळी खाणाऱ्या मुलीला तो द्यायला कुणी तयार होईना. त्याच सुमारास, 2021 च्या सुरुवातीला, एक पैगाम आला होता. घर चांगले होते, मुलगा आयटीआय झालेला. बोलणी पुढे सरकली आणि एकदम थांबली. निरोप आला, "इस्तिखारा ठीक नहीं निकला." पुढे कळले, की इस्तिखाऱ्याच्या आधी मेडिकल दुकानातून आमच्या गोळ्यांचे नाव त्यांच्यापर्यंत पोचले होते.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये मिरगीचा उल्लेख होता. मिरगी असलेल्या माणसाचे लग्न त्यामुळे कोर्टात रद्द ठरवून घेता येई. 1999 साली संसदेने तो शब्द काढून टाकला. आपला निकाह त्या कायद्यांखाली येत नाही, आपल्याकडे असे कलम कधी लिहिलेलेच नव्हते. पण न लिहिलेले कलम काढून टाकायला कुठली संसद लागते, ते आम्हाला अजून सापडलेले नाही. आणि एक स्पष्ट करतो. मिरगी असती तरी आमची मुलगी कमी ठरली नसती. ज्यांना मिरगी आहे त्यातले बहुतेक गोळ्यांवर नीट जगतात, शिकतात, नांदतात. तक्रार एवढीच, की आमच्या पोरीला ती नव्हतीच.

हे पहिल्यांदा बोलली ती लसीकरण केंद्रावरची एक सिस्टर. 2021 च्या जुलैत कोविडची पहिली लस घ्यायला रांगेत उभे राहून थोरलीचा नंबर आला. सुई टोचली आणि दोन मिनिटांत ती पडली. आम्ही घाबरून सांगू लागलो, "तिला मिरगी आहे, गोळ्या चालू आहेत." सिस्टरने काही ऐकले नाही. जमिनीवर आडवी केली, पाय उचलून खुर्चीवर ठेवले. पंधरा-वीस सेकंदांत थोरलीने डोळे उघडले आणि स्वतःचे नाव, वार, कुठे आहोत, सगळे बरोबर सांगितले. सिस्टर म्हणाली, "ताई, फिट अशी नसते. फिटमधून उठलेलं माणूस अर्धा-एक तास गोंधळलेलं असतं, ओळखत नाही. हिचा चेहरा पांढराफटक पडला, घामानं भिजली आणि लगेच भानावर आली. आज सकाळपासून माझ्यापुढं अशी ही चौथी. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा." तिचे नाव विचारायचे भानही आम्हाला राहिले नाही.

मग पुणे. तिथल्या डॉक्टरांनी आमच्या फाइलीला हातच लावला नाही. म्हणाले, "आधी ती सांगेल. मग तुम्ही सांगा, पण जे डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच." आणि प्रश्न सुरू झाले. उभी होतीस का बसलेली? की झोपलेली? किती वेळ उभी? गरम होत होतं? काही खाल्लं-प्यायलं होतं? पडायच्या आधी काय वाटलं, मळमळ, घाम, कानात आवाज, डोळ्यांपुढे काळोख? रंग पांढरा झाला का निळा? हातपाय पडायच्या आधी ताठरले का नंतर झटकले? किती वेळा? जीभ चावली का, चावली असेल तर टोकाला की कडेला? उठल्यावर गोंधळ किती वेळ? धावताना, जिना चढताना कधी पडलीस का? छाती धडधडली का? घराण्यात कुणी तरुणपणी अचानक वारलं का? पाऊण तास हेच. तोपर्यंत एकही यंत्र लावलेले नव्हते. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "निदान जवळजवळ झालं आहे. आता फक्त धोक्याचं काही सुटत नाही ना, ते बघू."

धोक्याचे म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितले. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. पळताना किंवा श्रम करताना पडणे, झोपलेल्या अवस्थेत शुद्ध हरपणे, काही चाहूल न लागता कोसळणे, आधी छाती जोरात धडधडणे, आधीपासून हृदयाचा आजार असणे, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक दगावलेले असणे. यातले काहीही असेल तर ते साधे चक्कर समजायचे नाही, हृदयाचा आलेख त्याच दिवशी. मग त्यांनी जरा बिचकत विचारले, "तुमचं दोघांचं नात्यात लग्न आहे का?" आहे. आम्ही मामेभाऊ-आतेबहीण. 1957 साली नॉर्वेच्या एका कुटुंबाची हकीकत जर्वेल आणि लांगे-नीलसन या डॉक्टरांनी लिहिली. जन्मतः बहिरी मुले, ती वारंवार बेशुद्ध पडत, त्यातली काही दगावली. हृदयाच्या विजेच्या चक्रात दोष होता. असा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो त्या रूपात प्रकट होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. हा आजार विरळा आहे, घाबरण्यासारखे काही नाही. पण आपल्या समाजात चुलत-मामे निकाह पुष्कळ, तेव्हा बहिरे मूल बेशुद्ध पडत असेल तर ते हाजरीला न नेता आलेख काढायला न्यावे. थोरलीचा आलेख साफ निघाला. झोपवून आणि मग तीन मिनिटे उभे करून रक्तदाब मोजला, तोही ठीक.

फिटचा शिक्का पुसायचा तर पुरावा हवा, म्हणून 'टिल्ट टेबल' नावाची तपासणी केली. 1986 साली लंडनच्या डॉक्टरांनी ही पद्धत बेशुद्धीच्या निदानासाठी मांडली. पट्ट्यांनी बांधून माणसाला फळीवर झोपवतात आणि फळी 60-70 अंशांत उभी करतात. पाय टेकलेले, पण हलवायचे नाहीत. नाडी आणि दाब सतत दिसत राहतो. वीस मिनिटे काही झाले नाही. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा मारला. सातव्या मिनिटाला ती म्हणाली, "तसंच होतंय." पडद्यावर दाब आमच्यासमोर उतरत गेला, मग नाडी 90 वरून 38 वर आली, तिची मान कलली आणि हात झटकले. डॉक्टरांनी फळी आडवी केली. ती जागी. त्यांनी पडद्यावर बोट ठेवले, "झटके बघितलेत ना? मेंदूचा आलेखही लावला होता. फिटची एकही लाट नाही. रक्त पोचलं नाही म्हणून झटकले."

झटके आले म्हणजे मिरगी, या समजुतीवर बर्लिनच्या लेम्पर्ट या डॉक्टरांनी 1994 साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला होता. धडधाकट स्वयंसेवकांना मुद्दाम बेशुद्ध पाडून त्यांचे चित्रण केले. पूर्ण बेशुद्ध झालेल्या 42 जणांपैकी 90 टक्के लोकांचे हातपाय झटकले होते. सगळे निरोगी. डोळेही बहुतेकांचे उघडेच राहिले आणि वर फिरले. हे वाचून आमच्या स्वयंपाकघरातली ती संध्याकाळ आम्हाला नव्याने कळली. पडू दिली असती तर रक्त आपोआप डोक्याकडे गेले असते. दोघींनी उभी धरली, म्हणून मेंदू जास्त वेळ कोरडा राहिला.

आता हे होते कसे? डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे माणसाचे चित्र काढून समजावले. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. निरोगी शरीर लगेच नळ्या आवळते, नाडी थोडी वाढवते आणि डोक्याला पुरवठा चालू ठेवते. काही माणसांत हा पहारेकरी खूप वेळ उभे राहणे, उकाडा, उपास, वेदना, रक्त दिसणे अशा वेळी गोंधळतो आणि नेमका उलटा हुकूम देतो. नळ्या सैल पडतात, आणि 'व्हेगस' नावाची मज्जा हृदयाला हळू कर म्हणून सांगते. मेंदूला सहा-आठ सेकंद रक्त मिळाले नाही की शुद्ध जाते. ही व्हेगस मेंदूच्या तळापासून निघून मानेतून, छातीतून पार पोटापर्यंत जाते. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ भटकणारा. आम्हाला ती एखाद्या मस्त मलंगासारखी वाटली. दाब उतरणे आणि नाडी उतरणे या दोन्ही गोष्टी जोडणारे 'व्हेसोव्हेगल' हे नाव इंग्लंडच्या गॉवर्स यांनी 1907 साली वापरले आणि 1932 साली थॉमस लुइस यांनी बेशुद्धीला जोडून रूढ केले. म्हणजे नाव शंभर वर्षांहून जुने आहे. तरी ते आमच्यापर्यंत पोचायला पुण्याला जावे लागले.

याच घराण्यातली इतरही भावंडे आहेत. कुणाला खोकल्याची उबळ आली की चक्कर येते, कुणाला घास गिळताना, कुणा म्हाताऱ्याला मान वळवताना किंवा गळ्याचे बटण घट्ट लावल्यावर. जबड्याखाली मानेत दाब मोजणारी एक जागा असते, ती उतारवयात फाजील हळवी होते. रात्री झोपेतून उठून उभ्याने लघवी करणारे पुरुष तिथेच कोसळतात. त्यांना डॉक्टर सांगतात, बसून करा. हे ऐकून आमचे अब्बा भलतेच खूश झाले. लहानपणी त्यांनी आम्हाला यावरून छड्या मारल्या होत्या. मात्र बसलेला माणूस झटकन उठला तरीही घेरी येऊ शकते, हे पुढचे वाक्य त्यांनी सोयीने ऐकले नाही.

इलाज विचारला तर डॉक्टर म्हणाले, "औषध शेवटी. आधी पाणी, मीठ आणि पाय." फिटच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. मेंदूच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या पाच महिन्यांत पायरीपायरीने उतरवल्या. हृदय हळू करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या या आजारात पूर्वी सर्रास दिल्या जात. 2006 साली मोठ्या चाचणीत त्यांचा उपयोग दिसला नाही. मिडोड्रीन नावाच्या गोळीचा काहींना फायदा होतो, 2021 च्या चाचणीत ते दिसले, पण थोरलीला तिची गरज पडली नाही. पेसमेकर मोजक्यांसाठी, साधारण चाळिशीपुढच्या आणि ज्यांचे हृदय खरोखर कित्येक सेकंद थांबते अशांसाठी.

पायांचे प्रकरण असे. चाहूल लागली, म्हणजे जांभया, मळमळ, घाम, दूरचे आवाज, की उभ्या उभ्या पायाची कैची करायची, मांड्या आणि कुल्ले घट्ट आवळायचे, हाताची बोटे एकमेकांत अडकवून बाहेर ओढायची. पायांतले रक्त पिळून वर जाते. खरेच जाते. थोरलीचा दाब यंत्रावर चढताना आम्ही पाहिला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा 223 रुग्णांना घेतले होते. नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी 51 टक्के पुन्हा बेशुद्ध पडले, हे डाव शिकलेल्यांपैकी 32 टक्के. यात पूर्ण मुक्ती नाही, पण फुकटात एवढे मिळते. तेवढ्यानेही भागले नाही तर लाज न धरता खाली बसायचे, जमले तर आडवे व्हायचे. 'लाज न धरता' हे डॉक्टरांनी दोनदा म्हटले. आपल्या मुलींना शिकवायला सगळ्यात अवघड तेवढेच आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, बसस्टँडवर, चारचौघांत भुईवर बसायचे! सुरुवातीला थोरली बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने बसायची. पायात चप्पल असली तरी.

पाणी दिवसभरात अडीच लिटरच्या आसपास, आणि जेवणात मीठ सढळ. इथे एक इशारा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने हे वाचून मीठ वाढवू नये. ते डॉक्टरांना विचारूनच.

रमजानचे काय, हा प्रश्न आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा होता. आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करायची मुभा कुरआनने दिलेली आहे, त्यावर वाद नाही. पण थोरलीला रोजे ठेवायचे होते. तडजोड निघाली. इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी विभागून प्यायचे, सहरीत शेवटी अर्धा लिटर आणि ताटात काही खारट. दुपारी उन्हात बाहेर नाही. इफ्तारची तळणे बसून, नाहीतर भावाने करायची. तो कुरकुरला, पण आता त्याची भजी तिच्यापेक्षा बरी होतात. तरावीह बसून पढता येते, ती तशी पढते. सजद्यातून कियामला येताना क्षणभर बसून, मग उठते. पाळीच्या आधीच्या दोन दिवसांत किंवा जुलाब-ताप असताना जपायचे. आणि चाहूल लागूनही ओसरली नाही तर रोजा तोडायचा, कजा नंतर. हे तिला मोहल्ल्यातल्या मौलानांनीच सांगितले. वर हेही सांगितले, की बेशुद्धीने वुजू जातो, तेव्हा उठल्यावर आधी पाणी पी, मग वुजू कर. 2022 पासूनच्या रमजानांत मिळून तिने नऊ रोजे सोडले आणि सगळ्यांची कजा केली. बेशुद्ध एकदाच पडली.

उरला रक्ताचा प्रश्न. नर्स व्हायचे आणि सुई पाहून पडायचे, हे कसे जमावे? याचीही तोड निघालेली आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी ऐंशीच्या दशकात रक्त पाहून बेशुद्ध पडणाऱ्यांसाठी एक सराव बसवला. हात, पोट, पाय दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब आली की सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. ते साधले की आधी रक्ताचे चित्र पाहायचे, मग सुई, मग प्रत्यक्ष. थोरलीचा अभ्यास बकरी ईदला झाला. आमच्या गल्लीत दरवर्षी कुणीतरी एक तालमीतला गडी कुर्बानीच्या वेळी आडवा होतो आणि वर्षभर त्याची चेष्टा होते. त्या वर्षी थोरली दारात खुर्ची टाकून, मुठी आवळून, सगळी कुर्बानी पाहत बसली. मग उठून कलेजी धुतली. फुफी म्हणाली, "अल्ला, इस छोरी कू क्या हुआ!"

पुण्याच्या डॉक्टरांनी पानभर पत्र दिले. मिरगी नाही, फिटची औषधे बंद आहेत, हृदय निरोगी आहे, नर्सिंगला हरकत नाही. त्या पत्रावर प्रवेश मिळाला. तीन वर्षांत ती वर्गात एकदा पडली, शस्त्रक्रियेच्या खोलीत एकदाही नाही. आता ती वॉर्डात रात्रपाळी करते. स्कूटर चालवण्याआधी पाणी पिते, चाहूल आली तर बाजूला थांबवते.

मध्यंतरी पुन्हा एक पैगाम आला. आता गोळ्या नाहीत, सांगायचे काय त्यात, असे नातेवाइकांचे म्हणणे. थोरलीने मुलाच्या आईलाच बैठकीत सगळे सांगितले, पाय कसे आवळायचे तेही करून दाखवले. बाईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "हमारे दो नंबर के कू भी ऐसाइच होता, खून देखा के गिरता." बोलणी चालू आहेत. काय होईल ते होवो, यावेळी मेडिकल दुकानातून कळण्यासारखे काही शिल्लक नाही.

यात अम्मांचाही हिशेब लागला. त्या पंचाहत्तरीच्या, तहज्जुदला उठतात आणि वर्षातून दोनदा न्हाणीच्या दारात पडायच्या. एकदा मनगट मोडले. थोरलीने घरीच यंत्र आणून आधी झोपलेल्या, मग उभ्या अम्मांचा दाब मोजला. वरचा आकडा 30 ने उतरला. हे गशाचे वेगळे प्रकरण. इथे पहारेकरी गोंधळलेला नव्हता, रात्री घेतलेली दाबाची गोळी आणि वय यांचे काम होते. डॉक्टरांनी गोळी बदलली, वेळ बदलली, आणि सांगितले, की उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. अम्मांना घड्याळ कळत नाही. त्यांनी स्वतःच ठरवले, की पाय खाली सोडून सात वेळा दुरूद पढायचा आणि मग उठायचे. थोरलीने एका रात्री मोबाइलवर वेळ लावून मोजले. सव्वा मिनिट भरले.